डाव्या बाजूचा पत्रा

"फडकं खाली पडलं का गं?" ह्यांनी विचारलं.

"निसटलं हातातून. झटकून घेते."

"झटकून भागत न्हाई. टाक ते. दुसरं घे."

मी ते फडकं बादलीत टाकलं आणि सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा दुसरा तुकडा फाडून घेतला. जमिनीला लागलेल्या फडक्यात एखादा बारीक खडा अडकतो आणि चमक यायची सोडून पत्र्यावर ओरखडे उठतात, हे मला नवीन नव्हतं. दर दसऱ्याला आमच्या ट्रकला घरीच पॉलिश व्हायचं आणि ते आम्ही दोघं मिळून करायचो. पण दसरा होऊन गेला होता आणि ह्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. एरवी फडकं पडलं की हसून म्हणायचे, "तुझ्या हातात लाटणंच बरं." त्या दिवशी माझ्याकडं बघतही नव्हते.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आम्ही बार्शीच्या बाहेर राहायचो. घर दोन खोल्यांचं, पण पुढं अंगण ऐसपैस, कारण जागा घेतानाच ह्यांनी सांगून टाकलं होतं, आधी गाडी मावली पाहिजे, मग माणसं. गाडी आमची स्वतःची, तांबड्या रंगाची. चालवणारे एकटे हेच. त्या दिवसांत एका पशुखाद्याच्या कारखान्याला कायमच्या गाड्या लावून घ्यायच्या होत्या आणि त्यांचा माणूस सोमवारी गाड्या बघायला येणार होता. ते काम मिळालं असतं तर माल जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पोचवायचा आणि संध्याकाळी घरी. लग्न झाल्यापासून ह्यांच्या जेवणाची वेळ मला कधी धरता आली नव्हती. आमच्या दोन्ही पोरी बापाला पाहुणा समजायच्या. तो आला की चांगले कपडे घालून बसायच्या.

त्या आठवड्यात हे परभणीच्या पलीकडं माल घेऊन गेले होते. यायला एक दिवस उशीर झाला. आले तेव्हा गाडीचा डाव्या हाताचा पुढचा कोपरा, दिव्यापासून दारापर्यंत, नव्यानं रंगवलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "माल भरताना दुसरी गाडी घासली. तिकडंच रंग मारून घेतला." मी म्हटलं, बरं झालं, सोमवारी बघायला माणूस येतोय.

पोरी मामाकडं गेल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी आम्ही गाडी धुतली आणि रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पॉलिश करायला घेतलं. ट्रक घराच्या सावलीत घेतला, कारण पत्रा तापलेला असला की वॅक्स लावल्या लावल्या वाळतं आणि डाग धरतं. आधी रबिंग करून जुना मळका थर काढायचा, पुसून घ्यायचं, मग वॅक्स. तेही थापायचं नाही. फडक्याला नखाएवढं घेऊन हातभर जागेत गोल गोल पातळ पसरायचं आणि थांबायचं. पांढुरकं धुकं आल्यासारखं दिसलं की दुसऱ्या, कोरड्या फडक्यानं हलक्या हातानं पुसून काढायचं. जोर लावला की काम बिघडतं. सगळ्यांना वाटतं चमक घासून येते. ती येते दम धरल्यानं, हे ह्यांनीच मला शिकवलं होतं.

आणि तेच हे त्या दिवशी जोर लावून घासत होते.

मी उजवी बाजू केली, मागची फळी केली, डावं दार केलं. दाराच्या पुढं सरकले तसे हे म्हणाले, "तिथं हात लावू नगंस. रंग ताजा हाय. मी करतो."

"ताज्या रंगाला इतक्यात वॅक्स लावू नये म्हणता ना तुम्ही?"

"मी करतो म्हटलं ना."

मी बाजूला झाले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "दिगंबर, कशानं उडाला रं रंग?"

"फांदी लागली वाटंत," हे म्हणाले.

मी ऐकलं, पण तेव्हा ते नुसतं कानावरून गेलं. बादली रिकामी करून मी धुणं वाळत घालायला गेले. आमची दोरी गाडीच्या डाव्या बाजूला, कुंपणाच्या खांबापासून घराच्या भिंतीपर्यंत बांधलेली होती. दोन लुगडी टाकून झाली आणि सहज वळून पाहिलं तर गाडीच्या पत्र्यात सगळं दिसत होतं. दोरी, लुगडी, मागचं आभाळ, मी स्वतः. इतकी चमक कधीच आली नव्हती. मला बरं वाटलं. मग माझी नजर दोरीच्या मागोमाग पुढं गेली. दारावर दोरी अगदी सरळ होती. दाराच्या पुढं, कोपऱ्यावर, ती एकदम खाली वाकली होती, पोटात गेल्यासारखी, आणि दिव्यापाशी पुन्हा वर आली होती.

हे त्याच जागी घासत होते. पुसायचे, दोन पावलं मागं जाऊन तिरकं बघायचे, पुन्हा वॅक्स लावायचे. किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

मी जवळ जाऊन म्हटलं, "वॅक्सनं नाही जायचं ते. पत्रा आत गेलाय. लांबीचा लगदा भरून वर रंग मारला तरी खड्डा राहिलाय. उलट जितकं चमकवाल तितकं दिसंल. काल मळकट होता तेव्हा कळतसुद्धा नव्हतं."

त्यांचा हात थांबला. "व्हय," म्हणाले.

"फांदीनं एवढा पत्रा आत जातो?"

त्यांनी फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"आत्यांना फांदी सांगितली. मला दुसरी गाडी घासली म्हणालात."

ह्यांनी फडक्याची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली आणि गाडीच्या पायरीवर बसले. आत्यांचा शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

"माणूस होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथंच खाली बसले.

त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. वाघदरी फाट्याच्या पुढं, दिवस मावळताना. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यावर आले म्हणून ह्यांनी डावीकडं घेतली. सायकलवर दुधाचे कॅन बांधून एक माणूस चालला होता. तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. धक्का बसल्याचं हाताला कळलं. पुढं जाऊन वेग कमी केला आणि आरशात पाहिलं. माणूस सडकेकडंच्या चारीत पडला होता आणि त्याचा एक हात वर होता.

"मग?"

"मग काय. मागनं लोक यायला लागले तर जिवंत सोडत न्हाईत, असं मनात आलं. पाय आपोआप दाबला गेला."

"हात वर होता म्हणजे जिवंत होता."

"तवा होता."

चमकवलेल्या पत्र्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी दिसत होतो. मला तिकडं बघवेना.

आत्या उठून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झालं ते झालं. कुणी पाहिलं न्हाई, कुणी इचारायला आलं न्हाई. उद्या तो कारखान्याचा माणूस यायचाय. पोरींचं बघा आता."

आत्या वाईट नव्हत्या. त्यांचा मालक तरुणपणीच गेला, एकुलता मुलगा त्यांनी लोकांच्या शेतात राबून वाढवला. तो तुरुंगात जाईल एवढंच त्यांना दिसत होतं. मलाही ते दिसत होतंच. खरं सांगते, क्षणभर मी मनात हिशोब मांडला, की डेंटिंगवाल्याकडून पत्रा नीट ठोकून घेतला की कुणालाच कळणार नाही. पण कळणार नाही म्हणजे कुणाला? मी ह्यांच्याकडं पाहिलं. घरी आल्यापासून ह्या माणसानं एक भाकरी धड खाल्ली नव्हती आणि मी समजत होते, कामाची काळजी आहे.

मी म्हटलं, "उद्या आपण तिकडं जाऊ."

"कुठं?"

"त्या फाट्यावर. माणूस आहे का गेला, एवढं तरी बघून येऊ."

"आणि गेला असंल तर?"

"तर तेही कळंल."

"उद्या कारखान्याचा माणूस यायचाय."

"येऊ दे. रिकामं अंगण बघून जाईल."

ह्यांनी आत्यांकडं पाहिलं. आत्या पाठ फिरवून घरात गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण पहाटे मी उठले तर चूल पेटलेली होती आणि दोन माणसांना दोन वेळ पुरतील एवढ्या भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि कांदे त्यांनी फडक्यात बांधून ठेवले होते. ते गाठोडं माझ्या हातात देताना म्हणाल्या, "त्याला एकट्याला बोलायला लावू नको."

गाडी रिकामी होती आणि वाटेत हे इतकी हळू चालवत होते की मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न देऊन पुढं जात होत्या. गाडी सोडून एसटीनं जावं असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, "न्हाई. जिनं झालं ती घिऊनच जायचं."

वाघदरी फाट्यावर चहाची एकच टपरी होती. टपरीवाल्यानं आधी गाडीकडं पाहिलं. "नवीकोरी दिसती," म्हणाला. मीच विचारलं, इकडं कुणा दूधवाल्याला अपघात झाला होता का.

"मुंजाजी. पाय मोडला त्याचा दोन जागी. लई वेळ चारीत पडला होता. कुणाची तरी बैलगाडी आली म्हणून सापडला." मग त्यानं आमच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही पाव्हणे का त्यांचे?"

मी घराची वाट विचारून घेतली. हे टपरीच्या मागं जाऊन वाकून उभे राहिले होते. मला वाटलं उलटी होते आहे. जवळ गेले तर रडत होते. "जिता हाय," म्हणाले.

मुंजाजीचं घर गावाच्या कडेला होतं. दारात दोन म्हशी, एक रेडकू. तो ओसरीवर बाजेवर पडला होता, पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. वयानं ह्यांच्याएवढाच असेल. त्याची बायको धुरपताबाई पाण्याचे तांबे घेऊन आली. आम्ही कोण, हे न विचारताच तिनं आधी पाणी दिलं. मुंजाजीला वाटलं, आम्ही दूध संघाकडून आलो.

"कसं झालं?" ह्यांनी विचारलं.

"काय सांगावं. कुणी म्हणतं टेम्पो होता, कुणी म्हणतं उसाचा ट्रॅक्टर. मला काहीच दिसलं न्हाई बघा. मागून आलं आणि गेलं. रंगसुदिक सांगता येईना पोलिसाला. त्यानं लिहून नेलं आणि म्हणला, असं कुठं सापडतं का."

मी ह्यांच्याकडं पाहिलं नाही. पाण्याचा तांबा दोन्ही हातांत धरून बसले. त्या माणसाला काहीच दिसलं नव्हतं. तो जिवंत होता. आम्ही चौकशी करून, पायाला लवकर बरं वाटो म्हणून उठलो असतो तर कुणीही अडवलं नसतं. आत्यांनी सांगितलं होतं, त्याला एकट्याला बोलायला लावू नको. पण मी गप्प राहिले. हे मी बोलून चालणार नव्हतं.

म्हैस एकदा ओरडली. धुरपताबाई चहा ठेवायला उठली.

"ट्रक होता," हे म्हणाले. "तांबडा. माझा."

धुरपताबाई दारातच थांबली. मुंजाजी कोपरावर रेटा देऊन थोडा उठला आणि ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. तो चिडेल, आरडाओरडा करेल, शेजारीपाजारी गोळा होतील, या सगळ्याची मी वाटेत तयारी केली होती. त्यानं एवढंच विचारलं, "मग थांबला का न्हाई?"

"भ्यालो."

"मीबी लई भ्यालो होतो," मुंजाजी म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

धुरपताबाई मात्र बाहेर गेली. मी तिच्या मागं गेले. ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली. पत्र्यात तिचं घर, म्हशी आणि ती स्वतः, सगळं लख्ख दिसत होतं. तिनं एका बोटानं कोपऱ्यावर रेघ ओढली.

"आमचा माणूस तिथं पडला," ती म्हणाली, "आणि तुम्ही गाडी एवढी चकचकीत करीत बसला."

मी म्हटलं, "कामावर लावायची होती. मी पुसत होते. पुसताना मला खड्डा दिसला. तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं."

"दिसला नसता तर?"

मी खाली बघितलं. मग ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "डॉक्टर म्हणतो, तीन महिने तरी हलायचं न्हाई. दोन म्हशींचं दूध हाय. गावातलं आणखी चार घरांचं हेच फाट्यावर पोचवायचे. रोज सकाळ-सांज. आता कोण नेणार? मी म्हशी बघू का ह्यांना उचलू-ठेवू का दूध नेऊ? लोकं दोन दिवस नेतात, तिसऱ्या दिवशी कुणाला जमत न्हाई."

हे आमच्या मागं येऊन उभे होते ते मला कळलं नव्हतं. ते म्हणाले, "मी नेतो."

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच दुपारी हे मुंजाजीच्या चुलतभावाला बरोबर घेऊन ठाण्यात गेले आणि जसं झालं तसं सांगितलं. गुन्हा नोंदला, गाडी ठाण्याच्या आवारात लावून घेतली. जामीन कोण राहणार असा प्रश्न आला तेव्हा तो चुलतभावच राहिला. म्हणाला, "जो आपल्या पायानं आला तो पळून कुठं जाणार?" वर्षभरानं निकाल लागला. दंड झाला, काही महिने लायसन बंद राहिलं. कारखान्याचं काम दुसऱ्याला गेलं. गाडी सुटून आली तेव्हा उन्हापावसानं रंग विटला होता, चाकांत गवत वाढलं होतं. पुढं आणखी बारा-तेरा वर्षं ह्यांनी तीच चालवली आणि लांबच्या खेपाच केल्या. पोरींच्या लेखी बाप पाहुणाच राहिला. याचं वाईट मला आजही वाटतं. आत्या मात्र त्यानंतर त्याबद्दल एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत. उलट गल्लीत कुणी विषय काढला तर ताडकन म्हणायच्या, "माझा लेक सांगायला गेला होता, कुणी धरून नेला नव्हता."

मुंजाजी काठी टेकत चालायला लागेपर्यंत हे तिथंच राहिले. मध्ये मी एकदा जाऊन आले. तोपर्यंत हे म्हशींची धार काढायला शिकले होते.

पण मला आठवते ती पहिलीच सकाळ. आम्ही रात्री मुंजाजीच्या ओसरीवरच काढली होती. ह्यांना राहायचं होतं आणि मला घरी आत्यांकडं परत निघायचं होतं. दिवस उगवायच्या सुमारास धुरपताबाईनं कॅन भरून दिले. सायकल चेपली होती, ती शेजारून दुसरी मागून आणली. हे ट्रक चालवणारे, शाळा सोडल्यापासून सायकलवर बसले नव्हते. भरलेले कॅन दोन्हीकडं लटकवल्यावर त्यांना ती आवरेना. मुंजाजी बाजेवरून सांगत होता, "हँडल घट धरू नका, मोकळं धरा, मग नीट चालती." हे "हो हो" म्हणाले आणि हातात धरून चालतच निघाले.

मी थोड्या वेळानं दुसऱ्या वाटेनं सडकेला जाऊन एसटी धरली. गाडीत गर्दी नव्हती, डाव्या हाताची खिडकी मिळाली. फाट्याच्या अलीकडच्या वळणावर हे दिसले. सडकेच्या कडेनं, डांबराच्या अगदी काठावरून, सायकल ढकलत चालले होते. एसटीच्या ड्रायव्हरनं मागून मोठ्यानं हॉर्न दिला. ह्यांनी मागं वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून सायकल कशीबशी खाली गवतात उतरवली, कॅन हिंदकळले, दुधाचा एक ओघळ ह्यांच्या पायावर आला. अंग चोरून, कॅनला पाठीनं आडोसा करून ते उभे राहिले.

एसटी त्यांच्या इतक्या जवळून गेली की हात बाहेर काढला असता तर खांद्याला लागला असता. मी काढला नाही. पुढं गेल्यावर मान वळवून पाहत राहिले. धुरळा खाली बसेपर्यंत ते तसेच थांबले होते. मग त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, सायकल डांबरावर घेतली आणि तिच्यावर बसून बघितलं. एकदा डगमगले, पाय टेकला, आणि परत बसले.